घरातल्या सापाचे आणि कासवाचे फोटो सोशल मीडियावर टाकावेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. मुलाने घेतलेला बॉल पायथन जातीचा साप, नाव चिकू, दोन वर्षांपासून तुमच्या घरी आहे. त्याच्यासाठी इन्स्टाग्रामवर वेगळं पेज काढायचं तुमच्या मनात आहे. शिवाय सासूबाईंकडून आलेलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं एक कासव आहे. त्याचेही फोटो त्याच पेजवर टाकायचे आहेत. सोसायटीतल्या एका काकांनी "फोटो टाकलेत की फॉरेस्टवाले दारात" असं सांगितल्यापासून तुम्ही धास्तावला आहात, आणि विचारताय की पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांचे फोटो टाकणं कायदेशीर आहे का.

मी पुण्यात पशुवैद्य आहे. कुत्र्यामांजरांच्या जोडीला साप, सरडे, कासवं बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे येतात. मी वकील नाही, पण या प्राण्यांवर उपचार करायचे तर कायदा माहीत असावाच लागतो. त्यामुळे तेवढ्यापुरतं खात्रीने सांगू शकते.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र झाले आहेत. फोटो टाकणं हा मूळ मुद्दाच नाही. प्राणी तुमच्या घरात असणं कायद्याला मान्य आहे का, हा एक मुद्दा. तो मान्य असेल तर फोटो बघून लोक काय शिकतील, हा दुसरा. काकांनी पहिल्याबद्दल सांगितलं आणि ते अर्धं बरोबर आहे. दुसऱ्याबद्दल कुणीच सांगत नाही, म्हणून मला त्यावर जास्त लिहायचं आहे.

आधी कासव, कारण त्याला थांबायला वेळ नाही. उंच घुमटासारखी पाठ, काळपट तपकिरी रंग आणि प्रत्येक खवल्याच्या मध्यातून निघणाऱ्या पिवळ्या रेघा, असं त्याचं रूप असेल तर ते भारतीय स्टार कासव आहे. गुजरात-राजस्थानकडचा कोरडा भाग, दक्षिण भारत आणि श्रीलंका इथलं हे रानातलं जनावर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली ते संरक्षित आहे आणि २०१९ पासून वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. ते घरात ठेवता येत नाही. "आमच्याकडे पूर्वीपासून आहे", "शुभ असतं म्हणून आणलं", "आम्ही विकत घेतलेलं नाही" यातलं काहीही त्याला कायदेशीर करत नाही. त्याचा फोटो टाकू नका. आधी टाकला असेल तर काढा, पण काढला म्हणजे विषय संपला असं समजू नका.

मार्ग असा आहे : वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा आणि कासव स्वतःहून सुपूर्द करायचं आहे असं सांगा. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, तिथे अशा जनावरांची काळजी घेतली जाते. माझ्या पाहण्यात तरी स्वतःहून येणाऱ्या माणसाशी अधिकारी नीट बोलतात. पण पुढे काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. मनात शंका असेल तर आधी वकिलाशी बोलून घ्या. नेताना हवेसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल घालून त्यावर ठेवा. कधीपासून घरात आहे, काय खायला घालत होतात (बऱ्याच घरांत दूधपोळी आणि टोमॅटो असतो, तसं असेल तर तेही लाजू नका, सांगा), कधी आजारी पडलं होतं का, हे कागदावर लिहून द्या. सुपूर्द केल्याची पोहोच घ्या. आणि घाबरून त्याला वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर सोडून येऊ नका. घरात वाढलेलं कासव तिथे जगण्याची खात्री नाही आणि त्याच्या अंगावरचे रोगजंतू मात्र बाहेर जातात. वर तो वेगळा गुन्हा.

आता चिकू. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. तो साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. त्यानुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करायची. आधीपासून असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने घेणाऱ्याला तीस दिवसांची. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवायचं. तुमच्या मुलाने हे केलं असेल तर त्याच्याकडे कागद असेल. केलं नसेल तर पेज काढण्याचा विचार बाजूला ठेवा आणि विक्रेत्याचं बिल शोधून, वन विभागात जाऊन उशिरा नोंद कशी करायची ते विचारा. बिलच नसेल तर तो साप आला कुठून, हेही मुलाला शांतपणे विचारा. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात बॉल पायथन सापडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. जे पकडले जात नाहीत ते कुणाच्या ना कुणाच्या घरी पोहोचतातच.

लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल, कॉर्न स्नेक हा साप, लाल कानाची पाण्यातली कासवं अशा प्रत्येक प्राण्याचं कायद्यातलं स्थान वेगळं आहे, तेव्हा चिकूचं उत्तर दुसऱ्या कुणी आपल्या सरड्याला लावू नये. एक ओळ मात्र सगळ्यांना लागू आहे : भारतात निसर्गतः सापडणारा साप, सरडा किंवा कासव घरी ठेवायचं नाही. अजगर, घोरपड यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षांची कैद, ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाची ऑनलाइन व्यापारावर नजर ठेवणारी स्वतंत्र मोहीम आहे. रील टाकणारा स्वतःच पुरावा आणि तारीख दोन्ही देतो. काकांचं म्हणणं खरं ठरतं ते इथे.

समजा, चिकूचे कागद व्यवस्थित आहेत. मग टाका फोटो? टाका, पण त्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांबद्दलची एक अडचण समजून घ्या. कुत्रा दुखण्यात असेल तर त्याचा चेहरा सांगतो. साप-सरड्यांच्या चेहऱ्याला तसे हावभाव करणारे स्नायूच नाहीत. त्यामुळे बघणारा आपल्या मनातला भाव त्यांच्या चेहऱ्यावर वाचतो. लेपर्ड गेकोच्या जबड्याची ठेवणच अशी आहे की तो मरणाच्या दारात असला तरी हसताना दिसतो. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पुढचा पाय उचलून हलवतो, त्याला लोक "हाय करतोय" म्हणतात. प्रत्यक्षात तो समोरच्याला "मी तुझ्याशी भांडत नाही" असं सांगत असतो, आणि एकट्याने राहणारा ड्रॅगन असं वारंवार करत असेल तर त्याला कशाची तरी भीती वाटते आहे.

एका मुलीने मला तिच्या पेजची लिंक कौतुकाने पाठवली होती. लाल मखमलीवर लेपर्ड गेको, डोक्यावर इवलासा सोनेरी मुकुट, खाली शेकडो बदाम. मी फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या डाव्या पायाच्या दोन बोटांभोवती पांढुरकी कडी होती आणि कडीच्या पुढचा भाग काळा पडला होता. ती कडी म्हणजे न निघालेली जुनी कात. कात बोटावर अडकून वाळली की घट्ट आवळली जाते आणि रक्तपुरवठा बंद होतो. गेकोच्या काचपेटीत ओलसर लपण्याची जागाच नव्हती. मी तिला लगेच बोलावून घेतलं, कोमट पाण्यात भिजवून कात सोडवली, तरी त्या दोन बोटांची टोकं गेलीच. मुलगी वाईट नव्हती, गेकोवर तिचा जीव होता. पण फोटो काढताना ती मुकुट बघत होती, आणि लाइक करणारेही मुकुटच बघत होते.

अशी उदाहरणं रोज डोळ्यांखालून जातात. काचेच्या भांड्यातल्या छोट्या कासवाचा मिटलेल्या डोळ्यांचा फोटो आणि खाली "झोपलंय बाळ" : त्या सुजलेल्या पापण्या असतात, बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे. सापाने जेवणानंतर एकदा जांभई दिल्यासारखा जबडा उघडला तर ते ठीक. पण पुन्हा पुन्हा तोंड उघडं, कडेला चिकट बुडबुडे, मान वर, तर ते श्वसनमार्गाचं दुखणं. बॉल पायथनच्या स्पायडर नावाच्या रंगप्रकारात जन्मतः तोल सांभाळण्याशी संबंधित दोष असतो, डोकं डुलत राहतं. त्याला गाणं लावून "नाचणारा साप" म्हणून रील फिरतात. आणि सगळ्यात जास्त दिसतो तो तळहातावर घट्ट चेंडू होऊन बसलेला बॉल पायथन, डोकं आत. "माझ्या कुशीत शांत झोपलाय." तो झोपलेला नसतो, तो घाबरलेला असतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा : चिकूचा फोटो चिकूच्या पेटीत काढा. हातात, गळ्यात, सोफ्यावर, गणपतीच्या सजावटीपुढे नको. पेटीत तो कुठे लपतो, पाणी कुठे आहे, उबेची बाजू कुठली, हे फोटोत दिसू द्या. सापाचा चेहरा बोलत नाही, म्हणून त्याच्या घराने बोलायला हवं. पेटी दाखवायची लाज वाटत असेल, तर फोटोआधी पेटी सुधारायला हवी.

फोटो जपून टाकण्याचं दुसरं कारण आपल्या महाराष्ट्राशी फार जवळून जोडलेलं आहे. बॉल पायथन जाडसर, अंगावर गडद ठिपके आणि पट्ट्यांची नक्षी. आपल्याकडे शेतात, बांधावर, पुण्याच्या कडेच्या नव्या बांधकामांवर सापडणारी घोणसही जाडसर आणि ठिपक्यांची. घोणसेला अजगराचं पिल्लू समजून हातात धरण्याचे प्रकार आपल्याकडे नवीन नाहीत, आणि त्याची किंमत लोकांनी हातापायाने आणि जिवाने मोजली आहे. तुमच्या पेजवर पोरगं ठिपक्यांचा साप गळ्यात घालून हसतंय, आणि ते बघणारा दहावीतला मुलगा मुळशीतल्या किंवा पुरंदरमधल्या एखाद्या वाडीवर राहतोय. त्याच्या घराच्या मागे बॉल पायथन नाही, घोणस आहे. "हा साप तर आमच्याकडे पण असतो" अशी कमेंट तुमच्या फोटोखाली येणारच. तेव्हा प्रत्येक फोटोखाली एक वाक्य असू द्या : हा आफ्रिकेतला साप आहे, भारतात निसर्गात सापडत नाही, बाहेर दिसणाऱ्या कुठल्याही सापाला हात लावू नका, दिसला तर लांब राहून वन विभागाला किंवा अनुभवी सर्पमित्राला कळवा. रोज तेच वाक्य लिहायला कंटाळा येईल. तरी लिहा.

गळ्यातला साप हा प्रकारच मला नको वाटतो, मग साप कितीही गरीब असो. चिंपांझींच्या फोटोंवर २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तोच प्राणी माणसाशेजारी दिसला की बघणाऱ्यांना तो पाळायला जास्त योग्य वाटू लागला. सापांबद्दलही माझं निरीक्षण तेच आहे. पेटीतला साप बघून लोक विचारतात "हा काय खातो?" आणि गळ्यातला साप बघून विचारतात "कुठे मिळेल?"

हा "कुठे मिळेल" तुम्हाला छळणार आहे. तुमचा हेतू विक्रीचा नसला तरी चांगला फोटो जाहिरातीचंच काम करतो. मेसेज येतील : किंमत किती, कुणाकडून घेतला, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला द्यायचाय. विक्रेत्याचं नाव, नंबर, पेजची लिंक देऊ नका. अशा लोकांसाठी एक उत्तर लिहून ठेवा आणि तेच सगळ्यांना पाठवा. त्यात खरं खरं सांगा. हा साप नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे आज हट्ट करणारा मुलगा नोकरीसाठी परगावी जाईल, त्याचं लग्न होईल, आणि साप आईबाबांकडे राहील. त्याला उबेची चटई आणि थर्मोस्टॅट लागतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं पहाटेचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, त्याची उबेची बाजू मात्र एकतीस-बत्तीस अंशांवर राहायला हवी. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की तुम्ही काय करता तेही लिहा. गोठवलेले उंदीर घरच्या फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, ते तुमच्या घरी कुणाला चालतं आणि कुणाला नाही, हेही. नोंदणीचं लिहा. सापाला तपासणारे डॉक्टर मोजके आहेत, ते लिहा. एवढं वाचूनही ज्याला साप हवा असेल तो निदान डोळे उघडे ठेवून घेईल. पाण्यातल्या लाल कानाच्या कासवांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत : दुकानात दोन रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं पिल्लू गोड दिसतं, ते थाळीएवढं झालं की तळ्यात सोडलं जातं. अमेरिकेतलं हे कासव जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे.

पेज सुरू झालं की आणखी एक गोष्ट होते, ती हळूहळू होते म्हणून लक्षात येत नाही. सुरुवातीला साप असतो म्हणून फोटो निघतो. पुढे पोस्ट टाकायची असते म्हणून साप बाहेर निघतो. चिकूचं वेळापत्रक इन्स्टाग्रामने ठरवू नये. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं उलटून टाकतो आणि त्यातून सावरायला त्याला आठवडे लागू शकतात. डोळे दुधाळ झाले म्हणजे कात टाकायची वेळ आली, त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तेव्हाही नाही. एरवी पेटी साफ करण्याच्या दिवशी तो तसाही बाहेर येतो. तेव्हाच चार-पाच फोटो काढून ठेवा आणि महिनाभर पुरवा.

फोटो काढताना फ्लॅश बंद. सापाला पापण्या नसतात, तो डोळा मिटू शकत नाही. मोबाइलची लेन्स काचेला टेकवली की चकाकी जाते आणि खिडकीतून येणारा सकाळचा उजेड पुरतो. चांगल्या उजेडासाठी काचेची पेटी गॅलरीत उन्हात नेऊन ठेवण्याचं मात्र कुणीही मनात आणू नका. बंद काचेत ऊन शिरलं की आतलं तापमान बघता बघता चढतं आणि सापाला पळायला जागा नसते. तुम्ही आत चहा टाकून येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

खाण्याचे व्हिडिओ टाकू नका. जिवंत उंदीर घालण्याचा तर प्रश्नच नको. उंदीर सापाला चावतो, त्या जखमा मी शिवते. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा उंदरालाही लागू आहे. गोठवून वितळवलेला उंदीर घालत असाल तरी तो व्हिडिओ बघून शिकणारं कुणी नसतं, थरार शोधणारेच जास्त येतात.

घरात लहान मूल असेल तर त्याचा आणि सापाचा एकत्र फोटो नकोच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू कुठलंही दुखणं न दाखवता राहू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायकांना, वयस्करांना त्याचा त्रास जास्त. अमेरिकेत याच कारणाने चार इंचांहून छोट्या कवचाची कासवं विकायला १९७५ मध्ये बंदी आली, कारण मुलं ती तोंडात घालत. कासवाचा पापा घेतानाचा फोटो किंवा ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या सापाचा फोटो गोड दिसला तरी तो दुसऱ्या घरातल्या आईला चुकीचं शिकवतो. हात साबणाने धुतानाचा फोटो टाका, तो मी आनंदाने पुढे पाठवीन.

ठिकाणाबद्दल थोडक्यात. लोकेशन टॅग लावू नका, सोसायटीचं नाव, गेट, खिडकीतून दिसणारी ओळखीची टाकी फोटोत येऊ देऊ नका. महाग प्राणी चोरीला जातात. परिवेशचं प्रमाणपत्र "बघा, आम्ही कायदेशीर आहोत" म्हणून अभिमानाने पोस्ट करणारेही असतात. त्यावर नाव-पत्ता असतो. नोंद आहे एवढं शब्दांत सांगा, कागद मागणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवा. इन्स्टाग्राम फोटोत दडलेली जागेची माहिती काढून टाकतं, पण मूळ फाइल कुणाला मेलने किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलीत तर ती तशीच जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून ठेवा.

मुलगा सापांचा शौकीन आहे म्हणजे उद्या ताम्हिणीत किंवा सिंहगडाच्या पायथ्याला रानातल्या सरड्यांचे, चापड्यासारख्या विषारी सापांचे फोटोही काढेल, म्हणून हेही सांगून ठेवते. रानातल्या प्राण्याची नेमकी जागा कधीच लिहू नये, तालुका पुरे. दक्षिण चीनमधल्या गुहांमध्ये राहणाऱ्या एका गेकोचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात जागाही दिली होती. काही वर्षांतच हौशी संग्राहकांसाठी पकडून पकडून त्या जागेवरून तो गेको संपला. शास्त्रज्ञांनी चांगल्या हेतूने लिहिलेल्या चार ओळींनी हे होऊ शकतं, तर रीलवरच्या पिनने किती होईल. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. मुलाला हौस असेल तर तिथे नोंदी करायला शिकवा. आणि रानातला साप फोटोसाठी धरायचा नाही, दगड उचलून हुसकायचाही नाही. कायद्याच्या व्याख्येत पकडणं हेही शिकारीतच मोडतं.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल की त्यापेक्षा पेजच नको. निर्णय तुमचा, आणि तो तुमच्या घरावर, सोसायटीवर, मुलाच्या स्वभावावर अवलंबून आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आधीच भीती पसरली असेल तर मी आधी सेक्रेटरींना घरी बोलावून पेटीचं कुलूप आणि कागद दाखवीन, पेज नंतर. पण मला विचाराल तर प्रामाणिक पेजची गरज आहे. साप दिसला की काठी शोधणारी माणसं अजून खूप आहेत, आणि पेटीतल्या सापाला शांतपणे पाणी पिताना बघून एखाद्याची भीती कमी होताना मी पाहिली आहे. अखंड निघालेली कात, साप खात नव्हता ते दिवस, डॉक्टरकडची फेरी, विष्ठा साफ करण्याचं काम, हे सगळं दाखवा. लाइक कमी मिळतील. जे मिळतील ते सापाकडे बघून मिळालेले असतील.

आणि एक वेगळा अल्बम फक्त घरात ठेवा, तो कुणासाठीच नाही. दर महिन्याला चिकूचं वजन किचनच्या नव्हे, त्याच्यासाठी घेतलेल्या वेगळ्या काट्यावर करा आणि काट्याच्या आकड्यासकट फोटो काढा. वरून पूर्ण अंग, बाजूने डोकं, शेपटीचं टोक, पोटाचे खवले, आणि दोन्ही बाजूंच्या तापमापकांसह पूर्ण पेटी. सापाचं बारीक होणं इतकं सावकाश होतं की रोज बघणाऱ्या घरच्यांना ते कळत नाही, पण सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की पाठीचा कणा वर येताना स्पष्ट दिसतो. माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे याल तेव्हा हा अल्बम सोबत आणा. आधी पाठवायचा असेल तर डॉक्टरांना तो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आम्हाला जे बारीक खवले बघायचे असतात तेच पुसट होतात.